मदत हवी आहे: ॲक्वापोनिक्समध्ये नायट्रेट भरपूर, मासे ठणठणीत, तरी नवी पानं पिवळी

गच्चीवरची_बाग

नमस्कार. सोलापुरात आमच्या गच्चीवर ॲक्वापोनिक्स (माशांच्या टाकीचं पाणी फिरवून त्यावर मातीविना झाडं वाढवणं) चालू आहे. झाडांचं नेमकं काय बिघडलंय ते उलगडत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. जरा लांबेल, पण कृपया पूर्ण वाचा.

पिंजऱ्यातला १००० लिटरचा पांढरा आयबीसी टँक, त्यात कोई मासे. खडीचे दोन ग्रो बेड, प्रत्येकी साधारण एक चौरस मीटर, दोन्ही बेल सायफनवर (बेड पाण्याने भरला की आपोआप रिकामा करणारी नळी). खाली संप म्हणून २०० लिटरचा निळा ड्रम. एकूण पाणी १२०० लिटरच्या आसपास. खाद्य तरंगणारं, ३२ टक्के प्रथिनांचं, रोज अंदाजे ४० ग्रॅम. उन्हाळ्यात बाष्पीभवन इतकं होतं की रोज २०-२५ लिटर पाणी घालावं लागतं. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे भर घालायला बोअरचंच पाणी वापरतो.

एका बेडमध्ये पालक आणि तुळस, दुसऱ्यात टोमॅटो आणि मिरची. पालकाची आतली कोवळी पानं फिक्कट पिवळी निघतात, शिरा मात्र हिरव्या राहतात, जाळी काढल्यासारख्या स्पष्ट दिसतात. काही पानं तर जवळजवळ पांढरी. टोमॅटोच्या शेंड्यालाही तसंच, पण तिथे आणखी एक गोष्ट आहे: खालच्या जुन्या पानांच्या कडा करपून तपकिरी होतात आणि पान आत वळतं. मिरचीची फुलं गळतात.

किटवरचे आकडे: अमोनिया ० ते ०.२५, नायट्राइट ०, नायट्रेट ८०, पीएच ८.० ते ८.२, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ११०० च्या पुढे.

कृषी सेवा केंद्रात हिराकस (फेरस सल्फेट) घालायला सांगितलं. घातलं, तळाशी तांबूस गाळ बसला आणि पानात फरक शून्य. पीएच उतरवायला व्हिनेगर घातलं की संध्याकाळी ७.४ दिसतं आणि दोन दिवसांत पुन्हा ८. बाहेरच्या व्हिडिओंमध्ये सगळे पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि चुना घालायला सांगतात. घालू का? नायट्रेट एवढं असताना अन्न कमी पडतंय असं म्हणायचं तरी कसं? माशांना धक्का न लागता उपाय हवा आहे.

पाटाचं_पाणी

ताई, टोमॅटोच्या कडा करपणं आणि फुलगळ म्हणजे कॅल्शियमची कमी. अंड्याची टरफलं भाजून, कुटून, कापडात बांधून संपमध्ये सोडा. पोटॅशसाठी केळ्याच्या सालीचं पाणी. आमच्या कुंड्यांना दोन्हींचा छान गुण येतो.

चुनखडीतला_द्राक्षवाला

टरफलं नकोत, आणि दादांना दुखवायला म्हणत नाही. कुंडीतल्या मातीत ती चालतात. इथे पीएच आधीच ८ आहे. टरफल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्रास कार्बोनेटचाच दिसतोय. केळ्याची सालं पाण्यात कुजतील आणि अमोनिया वाढेल. पीएच ८ ला अमोनियाचा विषारी भाग जास्त असतो, म्हणजे कोईंच्या जिवावर बेतेल.

ताई, तुमच्या पानावर दोन वेगवेगळी दुखणी आहेत, ती वेगळी करा. झाड लोह एकदा पानात बसवलं की तिथून हलवू शकत नाही. म्हणून लोह कमी पडलं की सगळ्यात आधी नवं पान पिवळं पडतं, शिरा हिरव्या राहून. पोटॅश, मॅग्नेशियम आणि नत्र झाड हलवू शकतं, जुन्या पानातून काढून शेंड्याला देतं. म्हणून त्यांची कमतरता खालच्या पानावर दिसते: नत्राची असेल तर अख्खं पान फिकट, मॅग्नेशियमची असेल तर शिरांच्या मधे पिवळं, पोटॅशची असेल तर कडा करपतात. कॅल्शियमही हलत नाही. त्याची कमी कोवळ्या शेंड्याला आणि फळाच्या बुडाला दिसली असती, खालच्या पानाला नाही. तुमचं वर्णन वाचून मी म्हणेन: वर लोह, खाली पोटॅश.

आमच्याकडे चुनखडीच्या जमिनीत द्राक्षाची पानं अशीच होतात, उसावर केवडा (पानं पिवळी-पांढरी पडणं) पडतो तोही यातलाच. जमिनीत लोह भरपूर असतं, पण पीएच ८ च्या पुढे ते मुळाला घेता येईल अशा रूपात राहत नाही. तुमचं हिराकस तसंच गेलं. हवा खेळत्या अल्कधर्मी पाण्यात फेरस लोहाचा गंज होऊन तळाला बसतो. तो तांबूस गाळ म्हणजे तुम्ही घातलेलं लोहच.

खात्री करायची असेल तर एक सोपी चाचणी आहे. अर्धा टक्का हिराकसाचं पाणी करा, म्हणजे १०० मिली पाण्यात अर्धा ग्रॅम. ब्रशने एका पिवळ्या पानाच्या अर्ध्या भागावर लावा. दुसऱ्या पानाला एक टक्का मॅग्नेशियम सल्फेट लावा. संध्याकाळी लावा, खाली बेडमध्ये ठिबकू देऊ नका. जो अर्धा भाग चार-सहा दिवसांत हिरवा होईल, तो उत्तर देईल. आणि पान उलटून लाल कोळी, पांढरी माशी बघाच. पण काही सापडलं तरी निंबोळी अर्क फवारून तो पाण्यात जाऊ देऊ नका, माशांना बाधतो.

मत्स्यशेती_शिक्षक

वरचं निदान मला पटतं. प्रश्नाचं मूळ मात्र पाण्यात आहे, त्यामुळे दोन चाचण्यांशिवाय पुढे जाऊ नये असं मला वाटतं.

पहिली, केएच म्हणजे कार्बोनेट हार्डनेस, पाण्यात कार्बोनेट-बायकार्बोनेट किती आहे त्याचं माप. मत्स्यालयाच्या दुकानात थेंबांचं किट मिळतं. टँकचं आणि बोअरचं, दोन्ही मोजा. व्हिनेगर घातल्यावर पीएच उतरून पुन्हा चढतो, कारण पाण्यातलं बायकार्बोनेट शिल्लक राहतं आणि जिवाणू व्हिनेगरला खाऊन टाकतात. केएच न मोजता पीएचच्या मागे धावण्यात माशांना नुसते हेलकावे बसतात. लिंबू किंवा सायट्रिक ॲसिडही टाळा, जिवाणूंना मारक आहे.

दुसरी, बोअरच्या पाण्यातलंच नायट्रेट. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी भूजलात नायट्रेट जास्त असतं. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. तुमचं ८० हे सगळं माशांकडूनच आलंय असं मी धरून चालणार नाही.

शिवाय खडीवर व्हिनेगरचे थेंब टाका. आपला काळा बेसॉल्ट काही करत नाही, पण त्याच्या पोकळ्यांत कधी कधी कॅल्साइट असतं. फेस आला तर ते खडे वेचून काढा.

गच्चीवरची_बाग

दोघांचे मनापासून आभार. सगळं करून पाहिलं. केएच: टँक १४, बोअर १८. नायट्रेट: बोअरच्या पाण्यातच ४०! हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. खडीत मोजकेच पांढरट खडे फेसाळले, ते काढले, काळ्या खडीला काही नाही. हिराकस लावलेला अर्धा भाग स्पष्ट हिरवा झालाय, मॅग्नेशियमवाल्या पानात फरक नाही. किडीचा मागमूस नाही.

मत्स्यशेती_शिक्षक

मग चित्र स्वच्छ आहे. जरा हिशेब मांडू या, कारण उपाय त्यातूनच निघतो.

केएचचा एक अंश म्हणजे लिटरला १७.९ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटएवढी क्षारता, म्हणजे आम्ल पचवायची पाण्याची ताकद. बोअरचं १८ म्हणजे साधारण ३२० मिलिग्रॅम. रोज २५ लिटर भर, म्हणजे रोज ८ ग्रॅम क्षारता आत. बाष्पीभवनात पाणी उडतं, क्षार मागेच राहतात.

आता वजाबाकी. जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होतं, दर ग्रॅम नत्रामागे सुमारे ७ ग्रॅम क्षारता खर्ची पडते. ४० ग्रॅम खाद्यात ३२ टक्के प्रथिनं म्हणजे १३ ग्रॅम, त्यात नत्र २ ग्रॅम. त्यातलं निम्मं जरी पाण्यात आलं तरी १ ग्रॅम, म्हणजे रोज ७ ग्रॅम क्षारता खर्च. आत ८, बाहेर ७. तुमचा पीएच ८ वरून का हलत नाही ते यावरून दिसेल.

आणि ४० ग्रॅम खाद्य दोन चौरस मीटरला कमी आहे. पालेभाजीला चौरस मीटरमागे रोज ४०-५० ग्रॅम धरतात, फळभाजीला त्याहून जास्त. झाडांना पोटॅश, स्फुरद, सूक्ष्म अन्नद्रव्यं खाद्यातूनच मिळतात, आणि माशांच्या खाद्यात पोटॅश मुळातच बेताचं असतं, माशांना त्याची फार गरज नसते. बोअरमधलं नायट्रेट मिळाल्याने आकडा भरलेला दिसत होता, बाकीचं ताट रिकामं होतं. कोई आणखी असतील आणि खात असतील तर खाद्य हळूहळू वाढवा, अमोनिया बघत बघत.

व्हिडिओंबद्दल. व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात सेंट क्रॉय बेटावर जेम्स राकोसी यांनी जी पद्धत बसवली, तिथे कॅल्शियम आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड आळीपाळीने घालत, कारण त्यांच्या टाक्यांत साठवलेलं पावसाचं पाणी होतं. मऊ पाण्याचा पीएच सारखा खाली जातो, तो ७ वर आणायला ते घालत आणि त्यातून कॅल्शियम-पोटॅश दोन्ही मिळे. जगभर लोक तोच नियम सांगतात. दख्खनच्या बोअरला तो लागू नाही. तुम्ही हायड्रॉक्साइड घातलंत तर पीएच ८.५ च्या पलीकडे जाईल. तिथली दुसरी गोष्ट मात्र घ्या: दर तीन आठवड्यांनी लिटरला २ मिलिग्रॅम चिलेटेड लोह, म्हणजे गाळ होऊन बसू नये म्हणून दुसऱ्या रेणूत बांधलेलं लोह.

चुनखडीतला_द्राक्षवाला

चिलेटेड लोहाचा प्रकार मी सांगतो, दुकानात गोंधळ होतो. ईडीटीए लोह सगळीकडे मिळतं, पण पीएच ६.५ च्या वर ते टिकत नाही. डीटीपीए ७ ते ७.५ पर्यंत चालतं. तुमच्या ८ ला फक्त ईडीडीएचए, ६ टक्क्यांचं. १२०० लिटरला २ मिलिग्रॅमने २.४ ग्रॅम लोह, म्हणजे ती पावडर ४० ग्रॅम. बादलीत विरघळवून संपमध्ये ओता. पाणी लालसर होईल, घाबरू नका, कोईंना त्याने काही होत नाही. पिवळी झालेली जुनी पानं सुधारतीलच असं नाही, नव्या फुटीवर नजर ठेवा.

पोटॅशसाठी ०:०:५०, म्हणजे सल्फेट ऑफ पोटॅश. साधारण ६० ग्रॅममध्ये १२०० लिटरला लिटरमागे २० मिलिग्रॅम पोटॅशियम मिळतं. एकदम नको, आठवड्यात तीन हप्त्यांत. दुकानदार १९:१९:१९ देईल, ते घेऊ नका, त्यात युरिया आणि अमोनियाचं नत्र असतं. सूक्ष्म अन्नद्रव्यांचं ग्रेड-२ सुद्धा टाकीत नको, त्यात तांबं आणि जस्त आहे, माशांना दोन्ही घातक.

गच्चीवरची_बाग

ईडीडीएचए आणि ०:०:५० मिळालं, सुरू करते. भर घालायच्या पाण्याचं काय करू? रोज २५ लिटर आरओचं पाणी घरात परवडत नाही.

मत्स्यशेती_शिक्षक

दोन वाटा. पावसाळा तोंडावर आहे, तोवर एका वेगळ्या ड्रममध्ये बोअरचं पाणी फॉस्फोरिक आम्लाने मारून घ्या. खाद्य दर्जाचं आम्ल, हातमोजे, चष्मा, आणि आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही. एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून दिवसभर ठेवा, कार्बन डायऑक्साइड उडून जाऊ दे, मग पुन्हा पीएच मोजा. ६.५ च्या आसपास स्थिर राहिला की ते पाणी भरीला. माशांच्या टाकीत आम्ल थेट कधीच नाही. स्फुरद जास्त झालं तर शेवाळ येतं, म्हणून हा उपाय कायमचा नको.

पाऊस सुरू झाला की गच्चीचं पाणी धरा. चौरस मीटरवर एक मिलिमीटर पडला की एक लिटर, म्हणजे ५० चौरस मीटर छपरावर २० मिलिमीटरच्या एका सरीत १००० लिटर. पहिल्या सरींचं पाणी सोडून द्या, धूळ आणि पक्ष्यांची घाण त्यात असते. भर पावसाच्या पाण्याची झाली की रोजची ७ ग्रॅम वजाबाकी आपोआप काम करेल. दिवसाला पीएच ०.२ पेक्षा जास्त हलू देऊ नका.

गच्चीवरची_बाग

कळवायला उशीर झाला, पण आनंदाने लिहितेय. पालकाची नवी पानं पूर्ण हिरवी निघताहेत, तुळस दाट झालीय. टोमॅटोच्या वरच्या पानांच्या कडा स्वच्छ आहेत, खालची करपलेली काढून टाकली. पावसाचं पाणी दोन ड्रम भरून ठेवलंय. आता पीएच ७.३, केएच ६. मिरचीची फुलं अजून गळतात, पण कमी. एक शंका: पावसाचंच पाणी घालत राहिले तर पीएच फार खाली जाईल का?

मत्स्यशेती_शिक्षक

जाईल, आणि ती वेळ ओळखायला दर आठवड्याला केएच मोजा. ३-४ च्या खाली जाऊ देऊ नका, नाहीतर पीएच एका रात्रीत कोसळू शकतो आणि ६ च्या खाली जिवाणूंचं काम मंदावून अमोनिया साठतो. तिथे पोचलात की थोडं पोटॅशियम बायकार्बोनेट घाला, किंवा भरीत थोडं बोअरचं पाणी मिसळा. त्यातून कॅल्शियमही येईल, जे पावसाच्या पाण्यात नाही. पीएच ७ च्या जवळ स्थिरावल्यावर ईडीडीएचए संपलं की डीटीपीए घेतलं तरी चालेल, स्वस्त पडतं. मिरचीचं बघायला थोडा वेळ द्या. उन्हाळ्यातल्या उष्णतेने फुलं गळतातच, आता तापमान उतरलंय. पुढच्या बहरातही गळली तर फुलाचा आणि पानाचा फोटो इथेच टाका.