ऑनलाइन तासाला प्राध्यापकांच्या मागे काय दिसावं?

कपाटवाली मॅडम
टाळेबंदी संपली, तरी ऑनलाइन तास संपलेले नाहीत. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१ च्या नियमांनी तर सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन मंचावरून करायची मुभा दिली आहे. म्हणून विचारते. माझं ठाम मत आहे की प्राध्यापकाने मागची पार्श्वभूमी धूसर करू नये. वर्गात फळा, टेबल, हजेरीपट आयते मिळतात. स्क्रीनवर मी कोण, हे मलाच मांडावं लागतं. माझ्या मागे पुस्तकांचं कपाट असतं, वर सावित्रीबाईंचा फोटो. परवा पुठ्ठा निघालेला शब्दकोश कॅमेऱ्यासमोर धरला, तर कधी न बोलणाऱ्या मुलीने माइक चालू करून विचारलं, “मॅडम, हा कुठे मिळेल?”

करवीरकर
मॅडम, पटलं नाही. कपाट दाखवायला आधी वेगळी खोली लागते. तासिका तत्त्वावरचा, म्हणजे तासागणिक मानधनावरचा, माझा प्राध्यापक मित्र वन-रूम-किचनमध्ये पलंगावर मांडी घालून शिकवतो. मागे कपड्यांची दोरी, शेजारी कुकरच्या शिट्ट्या. २०२० मध्ये पुण्यातल्या रसायनशास्त्राच्या एका शिक्षिकेचा फोटो गाजला होता, हँगरला फोन बांधून फळ्यावर शिकवतानाचा. कौतुक झालं, साधा स्टँड कुणी पुरवायचा, हा प्रश्न मागेच पडला.
आणि भिंतीवरचा फोटो! बाबासाहेब आहेत की स्वामी समर्थ, यावरून आपल्याकडे जात ताडतात. मुलं ताडतात, मुलांच्या मागे बसलेले पालकही. मित्राला त्या धूसर पडद्याचाच आधार आहे.

कपाटवाली मॅडम
आडनाव तर खालच्या कोपऱ्यात दिसतंच, ते कसं धूसर करणार? बाबासाहेबांचा फोटो झाकायची पाळी कुणावर यावी, हेच मला मान्य नाही.

करवीरकर
तुमच्या तत्त्वाची किंमत त्याने का मोजायची? तासाचं रेकॉर्डिंग राहतं. त्यातला दहा सेकंदांचा तुकडा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला, तर पुढच्या वर्षी त्याला तास मिळतील याची हमी तुम्ही देणार?

गणिताचा मास्तर
मी चेहराच दाखवत नाही. पेन टॅबलेट, कोरं पान आणि आवाज. सिद्धता अडली की मी खोडतो, तेही मुलांना दिसतं. त्यांना तेवढी ओळख पुरते.

कपाटवाली मॅडम
गणितात पुरत असेल. कविता वाचताना चेहरा हवाच. करवीरकर, तुमच्या मित्रासाठी कॉलेजातच कॅमेरा, फळा असलेली खोली मागूया. सही करायला मी पहिली.

करवीरकर
खोली जरूर मागूया, सही मीही करतो. पण तिथल्या भिंतीवर काय लावायचं ते संस्थाचालक ठरवणार. पडदा ठेवायचा की नाही, तेवढं तरी मित्राच्या हातात राहू द्या.