जुनं घर घ्या, रंग मारा, वर्षात विका, म्हणे!

मागवाला_शहापूर

काल एका साहेबांची पोस्ट सगळ्या ग्रुपवर फिरत होती, बघितली असणारच. सारांश असा की बेळगावच्या जुन्या गल्ल्यांत कौलारू घरं पडून आहेत, ४८ लाखाला एक घ्यायचं, १० लाख घालून रिनोवेट करायचं, वर्षाच्या आत ८० ला विकायचं, २२ लाख खिशात. खाली नुसत्या टाळ्या. मला राहवलं नाही, म्हणून इथं लिहितोय, लांब होईल.

साहेब, खर्च कुठं धरलाय? ४८ लाखावर ५ टक्के स्टॅम्प, वर सेस आणि सरचार्ज, आणि नोंदणी फी ऑगस्ट २०२५ अखेरपासून १ ची २ टक्के झालीय. म्हणजे शहरात सगळं मिळून ७.६ टक्के, साडेतीन लाखाच्या वर तर सब-रजिस्ट्रारच्या दारातच गेले. २४ महिन्यांच्या आत विकलं की शॉर्ट टर्म, नफा तुमच्या बाकीच्या उत्पन्नात मिळवून स्लॅबप्रमाणं टॅक्स. एजंट दोन वेळा, घेताना पण आणि विकताना पण. आणि ४८ लाखाचं व्याज काय सासरे भरणार?

आता १० लाखाचं रिनोवेशन. आमच्या शेजारचं घर एकानं असंच हौसेनं घेतलं. बाहेरनं झकास, सागवानी तुळया, पुढं बसाउठायला ऐसपैस सोपा, मागं विहीर. गवंड्यानं आतला गिलावा पाडला तर मागं दोन फुटी मातीची भिंत, तुळईच्या टोकाला स्क्रू ड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत गेला. वाळवीनं आतनं भुसा केलेला, वरचा ऑइलपेंट तेवढा लाकडाच्या आकाराचा शिल्लक. बरं, ती भिंत सामाईक. पलीकडच्या आज्जींच्या माडीच्या तुळया पण तिच्यातच बसलेल्या. आज्जी दारात खुर्ची टाकून बसल्या, म्हणाल्या माझ्या भिंतीला हात लावून बघ. काम तिथंच थांबलं, तेवढ्यात जून लागला, कौलं उतरलेली, अख्खा पावसाळा घरावर निळी ताडपत्री. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आपल्याकडं मातीची घरं कशी बसली ते विसरलात काय सगळे?

आणि मालक म्हणून जो समोर बसतोय तो मालक असतोय थोडाच. सीटीएस (सिटी सर्व्हे) उताऱ्यावर आजोबांचं नाव, वारस एक पुण्यात, एक मडगावात, एक कुठं आहे ते घरच्यांनाच ठाऊक नाही. सह्या गोळा करतानाच वर्ष संपतंय. असल्या पोस्टी वाचून कोण तरी पीएफ मोडणार, याची चीड येते.

गोवावेस_डील

झालं, आले रडायला. तुमच्यासारख्या लोकांमुळंच बेळगावची चांगली प्रॉपर्टी गोव्याची माणसं घेऊन जातात आणि आपण कट्ट्यावर बसून रेट ऐकतो. मी हेच काम करतोय, पोट त्याच्यावर चालतंय. पोस्टवाला कच्चा आहे हे एका वाक्यात म्हणून सोडायचं होतं, धंदाच खोटा म्हणायची काय गरज?

जुन्या गल्लीतलं घर घेताना घराची किंमत शून्य धरायची, जागेचा तेवढा हिशेब करायचा. मातीची भिंत दुरुस्त करायची नसतेच ओ. आणि दुरुस्तीच करायची हौस असेल तर टिळकवाडी, हिंदवाडी, भाग्यनगरकडं बघा, आरसीसी बंगले मिळतात, म्हातारे आई-बाप एकटे, मुलं बाहेर. तिथं बाथरूम, वायरिंग, फरशी, किचन एवढं केलं की गिऱ्हाईक येतंय. मी संचकार, म्हणजे इसार म्हणून आधी द्यायची रक्कम, द्यायच्या आधी इंजिनिअरला फिरवून आणतो, त्याची फी जाते ती जाऊ दे. संचकार कमी, मुदत मोठी, आणि "सगळ्या वारसांच्या सह्या नाही झाल्या तर पैसे परत" हे कागदावर. एवढं केलं तर कोण बुडत नाही.

मागवाला_शहापूर

जागेचा हिशेब म्हणे. पाडून नवीन बांधायला गेलात की परवानगीला मार्जिन सोडावं लागतंय, रस्त्याची लाईन बघतात. पंधरा फुटी तोंडाच्या घरात दोन्हीकडं जागा सोडल्यावर काय बोळ विकणार काय? आणि तुमच्यातले निम्मे तर खरेदी करतच नाहीत, संचकारपत्र आणि मुखत्यारपत्र हातात घेऊन पुढच्याला फिरवतात. २०११ लाच सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की मुखत्यारपत्रावर मालकी येत नाही.

गोवावेस_डील

"तुमच्यातले निम्मे" म्हणजे कोण, नाव घ्या. मी प्रत्येक खरेदी नोंदवून घेतो. उगाच तोंडाला येईल ते लिहू नका.

गवंड्याचा_पोरगा

दोघं बी जरा थांबा. १० लाखात काय होतंय ते मी सांगतो, माझं रोजचं काम हाय ते.

दुरुस्तीचं काम नव्यापेक्षा अवघड असतंय हे कोणी धरतच न्हाई. नवीन बांधताना रेट स्क्वेअर फुटावर ठरतोय. जुन्या घरात फरशी काढली की खाली काय निघंल ते देवाला माहीत, ड्रेनेजचा उतार उलटा, पाईप गंजलेला, तरी पार्टी म्हणती स्क्वेअर फुटावर रेट सांगा. कसा सांगू? मी सांगतो मजुरी रोजावर, माल तुम्ही आणा, तर म्हणतात तुम्ही काम लांबवणार. मग जा की त्या कमी रेटवाल्याकडं, तो निम्म्यात उचल घेऊन गायब झाला की परत मलाच फोन.

आणि माती बगा ओ माती. हिंडलगा, गणेशपूर, कॅम्पकडं तांबडी माती, लवकर मुरूम लागतोय, पाया निवांत. वडगाव, शहापूरच्या शिवाराकडं काळी माती, उन्हाळ्यात तडकती, पावसाळ्यात फुगती, तिच्यावर घर बी वर-खाली होतंय. भिंतीला तिरकी चीर पडलेली असती, पार्टी पुट्टी मारून रंग देती, नवीन मालक दुसऱ्या उन्हाळ्यात माझ्या नावानं बोंबलतो. चीर पायाची हाय, पुट्टी काय करणार तिला! आणि बळ्ळारी नाल्याच्या बाजूला घेताय तर पाणी कुठवर चढतंय ते जुलैमध्ये जाऊन बगा, मार्चमध्ये न्हवं.

एम सँडचं, म्हंजे दगड फोडून केलेल्या वाळूचं, तर बोलूच नका. निम्म्या गाडीत धूळच. भिजवली की चिखल. नदीची वाळू पावसाळ्यात बंद, मिळाली तर सोन्याच्या भावानं. सप्टेंबर २०२५ पासनं सिमेंटचा जीएसटी २८ चा १८ झाला म्हणून सगळ्यांनी पेढे वाटले, पर मजुरी चढतीच हाय. गावची जत्रा लागली की लेबर जातंय, परत कधी येणार विचारायचं न्हाई.

मागवाला_शहापूर

हे बघा, खरं बोलणारा माणूस. ऐका जरा, डीलवाले.

निपाणी_पीबीरोड

माती, भिंत सगळं ठीक आहे हो, पैसे टाकले की सुटतंय. खरा खोडा कुठं बसतोय ते कोणी बोलत नाही. बहिणी! आमच्या वडिलांचं घर, गिऱ्हाईक हातात, संचकार ठरलेला, आणि वीस वर्षं ज्या दिवाळीला पण वेळेत येत नव्हत्या त्या दोघी बरोबर वकील घेऊन हजर. लग्नात सोनं दिलंय, बाळंतपणं केलीत, आहेर केलेत, ते कुणी वजा करायचं? गिऱ्हाईक पळून गेलं. घर तसंच आहे, घरपट्टी मी भरतोय. आधी ह्या सह्यांचं बोला.

माहेरवाशीण_खानापूर

खोडा? स्वतःच्या वाट्याची सही मागायला येताय आणि वर खोडा म्हणताय?

दादा, जरा कायदा वाचा. कर्नाटकानं १९९४ लाच वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाबरोबरीनं हक्क दिला, फक्त आधीच लग्न झालेल्यांना सोडून. २००५ ला केंद्रानं कायदा बदलला, लग्नाची अटच गेली. २०२० ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की २००५ ला बाप जिवंत असायची पण गरज नाही, हक्क जन्मानं. आणि तुमच्या वडिलांनी ते घर स्वतः कमावलं असेल आणि मृत्युपत्र केलं नसेल तर १९५६ पासनंच मुलगी वारस आहे. सोनं दिलं म्हणून वाटा गेला असं कुठल्या कलमात आहे ते दाखवा.

माझ्या भावानं काय केलं सांगते. पंचमीला मला माहेरी बोलावलं, जेवण झालं, हात धुते न धुते तोवर कागद पुढं. म्हणाला आक्का, बँकेचं काम आहे, लोन काढतोय, सही कर. कागद कन्नडात, मला बोलायला येतंय, वाचायला येत नाही. नशिबानं माझी मुलगी कन्नड शाळेत शिकलीय, तिनं वाचून सांगितलं आई हे हक्कसोडपत्र आहे. साडीचा बॉक्स टेबलावर तसाच ठेवून आले मी. आता त्या घराला पण "डील" म्हणून कोण तरी फोन करत असतंय.

निपाणी_पीबीरोड

तुमचा भाऊ चुकला असेल, माझा काय संबंध? मी काही लपवून सही मागितली नव्हती. आई दोन वर्षं अंथरुणावर होती, तिचं सगळं माझ्या बायकोनं काढलं. तेव्हा ही १९९४ आणि २००५ ची कलमं कुठं होती? वाटा बरोबरीचा, मग सेवा का नाही बरोबरीची?

माहेरवाशीण_खानापूर

सेवा बायकोनं केली म्हणताय ना, मग वाटा तिच्या नावावर करा, बघू. ते नाही जमत. सेवेचे पैसे वाटणीत उघड मागा, बहिणी देतील नाही देतील ते समोर बसून ठरवा. पण "वीस वर्षं आल्या नाहीत" म्हणून त्यांचं नावच उडवायचं हे चालणार नाही. आणि का येत नव्हत्या ते पण एकदा विचारा.

मोडीवाचक

ताईंनी कन्नड कागदाचं काढलं ते बरं केलं, मूळ दुखणं तेच आहे. आमच्या आजोबांची खरेदी मोडीत, १९५६ नंतरचं सगळं कन्नडात, आणि आम्ही शाळा मराठी. घरात तीन पिढ्यांचे कागद आणि एकालाही सगळे वाचता येत नाहीत. याचा फायदा घेऊन माणसं लुटली जातात, आणि सीमाप्रश्नावर

निपाणी_पीबीरोड

सीमाप्रश्न इथं नको काका. हद्दीच्या पलीकडं, महाराष्ट्रातल्या चंदगडात बहिणी सही न वाचता देतात काय? तिकडं तर सगळं मराठीत आहे.

मोडीवाचक

अर्धवट वाक्यावर तुटून पडू नका. जो कागद वाचता येत नाही त्यावर सही करू नका, एवढंच म्हणायचं होतं. मोडी मी वाचून देतो, पैसे घेत नाही.

मागवाला_शहापूर

अरे बाबांनो, विषय घरदुरुस्तीचा होता!

कोर्ट_कँटीन

विषय तोच चाललाय मागवाले. मी वकिलाकडं कारकून आहे, मोडकळीला आलेल्या घरांचे दावे रोज बघतो, त्यात भिंतीचे कमी आणि बहीण-भावाचेच जास्त.

निपाणीवाल्यांना एक सांगतो, आवडणार नाही. बहिणींना सोडून तुम्ही खरेदी करून दिली असती तर गिऱ्हाईक जास्त बुडालं असतं. त्यांनी वाटणीचा दावा घातला की त्यांच्या वाट्यापुरती ती खरेदी टिकत नाही. आणि दावा चालू असताना कोणी घेतली तर निकाल त्याच्यावर पण बंधनकारक, मला माहीत नव्हतं म्हणून सुटका नाही.

ताईंना पण सांगतो. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत वाटणी झाली असेल तर ती उघडता येत नाही. तोंडी वाटणी झाली होती म्हणून भाऊ सांगतात, ते कोर्ट सहसा मानत नाही, पण नोंदवलेला कागद असला तर मानतं. आधी तो शोधा, मग भांडा.

गोवावेसवाले, तुमची "सह्या नाही झाल्या तर पैसे परत" ही अट चांगली आहे, पण परत कोण देणार? विकणाऱ्यानं संचकारातनं पोरीचं लग्न उरकलेलं असतंय. तुम्हाला खरेदी हवी असेल तर करारातल्या तारखेपासून तीन वर्षांत दावा घालावा लागतोय, "आज करू उद्या करू" म्हणत बरेच तिथंच बाद होतात.

गोवावेस_डील

संचकाराचं बरोबर आहे, एकदा अडकलोय, नाव सांगत नाही. म्हणून आता रक्कम कमी देतो म्हटलं ना.

आणि मागवाले, मान्य, वर्षात २२ लाख हे खोटं. खूश? सह्या धरून दोन-अडीच वर्षं, व्याज-टॅक्स काढून जे उरतंय ते बरं असतंय, लॉटरी नसतंय. पण ते पण तुम्हाला बघवत नाही.

मागवाला_शहापूर

एवढंच पोस्टवाल्यानं लिहिलं असतं तर मी कशाला टायपत बसलो असतो. शेजारच्या घराचं विचाराल तर आज्जींची भिंत तशीच ठेवून आतल्या बाजूनं कॉलम उभे केले, तुळया काढून स्लॅब टाकला. सोपा अरुंद झाला, पलंग आडवा बसत नाही. १० लाख कॉलम आणि स्लॅबमध्येच संपले. अजून विकलं नाही.

गवंड्याचा_पोरगा

त्या स्लॅबवर पत्र्याचं शेड मारा म्हणावं, न्हाईतर दोन पावसात गळतंय. वॉटरप्रूफिंगवाल्याची गॅरंटी पाऊस लागला की फोन उचलत न्हाई.

निपाणी_पीबीरोड

कारकून साहेब, वडिलांचं घर स्वतःच्या कमाईचं होतं, मृत्युपत्र नाही. आई पण गेली. म्हणजे आम्ही तिघं, तीन वाटे?

कोर्ट_कँटीन

तिघंच वारस असाल तर तीन, सारखे.

निपाणी_पीबीरोड

घरपट्टी मी एकटा भरली ती?

माहेरवाशीण_खानापूर

पावत्या असतील तर मागा की त्यांच्या वाट्याची. तेवढं मी पण देईन म्हटलं असतं. सोन्याचा हिशेब मात्र काढू नका, मग तुमच्या शिक्षणाचा पण निघंल.

कोर्ट_कँटीन

सकाळपासून इनबॉक्समध्ये उतारे यायला लागलेत. फुकट बघत नाही, ऑफिसला या, ईसी, म्हणजे घरावर नोंदलेल्या व्यवहारांचा आणि बोजांचा दाखला, जितक्या मागची मिळेल तितकी काढून आणा. आणि फोटो सरळ काढत जा, सगळ्यांचा सीटीएस नंबर अंगठ्याखाली जातोय.