जीएचसीआयमध्ये व्हॅल्यू नीट वाचता येईल अशी कशी दाखवायची?

हास्केल ही प्रोग्रामिंग भाषा शिकतेय, रेकॉर्डची लिस्ट टाकली की जीएचसीआय (हास्केलचा कोड टाइप करून लगेच चालवायचं टूल) सगळं एकाच ओळीत ओततं आणि कंस मोजता मोजता डोळे दुखतात. शिवाय नावं मराठीत आहेत, 'कमल'च्या जागी \२३२५\२३५०\२३५४ असं येतं. डेटा बिघडलाय का?

— डेटा एकदम ठीक आहे, घाबरू नका. जीएचसीआय उत्तर प्रिंटने छापतं आणि प्रिंट आधी शो हे व्हॅल्यूचा मजकूर बनवणारं फंक्शन चालवतं. शो आस्कीबाहेरचं (साध्या इंग्रजी अक्षर-चिन्हांपलीकडचं) अक्षर त्याच्या युनिकोड नंबरात लिहितं, म्हणजे २३५० हा 'म'. नुसती स्ट्रिंग असेल तर पुट-स्ट्रिंग-लाइन वापरा, अक्षरं सरळ दिसतील.

— लिस्टसाठी मॅप-एम-अंडरस्कोर प्रिंट करून बघा, दर ओळीला एक रेकॉर्ड. पण रेकॉर्डच्या आत रेकॉर्ड असेल तर ते पुरत नाही, मग प्रिटी-सिंपल पॅकेज घ्या, त्यातलं पी-प्रिंट इम्पोर्ट करून इंटरॅक्टिव्ह-प्रिंट या फ्लॅगला सेट करा म्हणजे प्रत्येक उत्तर आपोआप इंडेंट होऊन येतं, मला तर याशिवाय काम करवतच नाही. दोन्ही ओळी डॉट-जीएचसीआय फाइलमध्ये टाका, रोज टाइप करायला नको.

— आणि शो इन्स्टन्स (आपल्या टाइपसाठी शोची व्याख्या) हाताने लिहू नका हं, डिरायव्हिंगच ठेवा, म्हणजे कंपायलर ती आपोआप बनवतो. पी-प्रिंट शोचंच आउटपुट वाचून मांडतं, ते वेडंवाकडं असलं की मांडणीही बिघडते.

— झालं! आता फील्ड एकाखाली एक दिसतायत, खूप आभार सगळ्यांचे.