ॲडमोनिश, रिप्रूव्ह, रिप्रोच, चाइड: मराठीत काय म्हणाल?

– २०१५ च्या बालन्याय कायद्यावर मराठीत लिहितेय. कलम १८ मध्ये मुलाला 'ॲडव्हाइस ऑर ॲडमोनिशन' देऊन घरी जाऊ देता येतं. मी 'समज देऊन' लिहिलं, तपासणाऱ्या सरांनी 'कानउघाडणी करून' केलं. मला ते फार कडक वाटतंय. आणि रिप्रूव्ह, रिप्रोच, चाइड यांना काय म्हणायचं?

– ताई, 'समज'च ठेवा. ॲडमोनिशच्या मुळाशी लॅटिन मोनेरे आहे, आठवण देणं, सावध करणं, वर्गातला मॉनिटरही तिथलाच. भर 'पुन्हा असं करू नकोस' यावर असतो. १९५८ च्या प्रोबेशनच्या कायद्यात कलम ३ ला हाच शब्द आहे, आधी शिक्षा झालेली नसेल तर किरकोळ चोरीवाल्याला ॲडमोनिशन देऊन सोडता येतं. तिथे मी 'ताकीद' लिहीन.

– ताकीद अरबी, तंबी पण अरबी. निर्भर्त्सना हा आपला चांगला शब्द असताना उसनवारी कशाला?

– काका, निर्भर्त्सना म्हणजे चारचौघात काढलेले वाभाडे, लहान पोराला ती कशी चालेल? आणि ताकीद आमच्या आजीच्या तोंडी होती, ती आता परकी कशी होईल?

– रिप्रोचमध्ये दुखावलेपण असतं हो. 'एवढा आजारी होतास आणि साधा फोन नाही केलास?' हा रिप्रोच, याला बोल लावणं जवळचं. रिप्रिमांड वरून येतो, साहेबाकडून. सेन्शर तर शिक्षाच आहे, राज्य सरकारच्या १९७९ च्या शिस्त नियमांत त्याला ठपका म्हणतात. चाइड मात्र अगदी घरगुती, आई मुलाला रागावते तसं.

– 'मुलाला रागावते' चूक आहे, 'मुलावर रागावते' हवं.

– अजिबात चूक नाही. 'माझ्यावर रागावली' म्हणजे तिला राग आला, कदाचित बोलली पण नसेल. 'मला रागावली' म्हणजे तोंडावर बोलली. चाइडला इतका नेमका प्रयोग आपल्याकडे आहे आणि तुम्ही तोच खोडताय!

– आमच्या साताऱ्याकडं तर 'आय लई बोलली मला' एवढंच म्हणत्यात, रागवायचं नावच नाही.

– रिप्रूव्ह राहिलाच की, त्याला कुणी सांगेल का?

– सांगू नंतर, आधी हे व्याकरण बघा. रागावणे अकर्मक आहे, त्याला 'मला' लागेलच कसं?

– बोलणे पण अकर्मकच ना? मग 'आई मला बोलली' पण खोडणार का?