हिस्पॅनिक विद्यार्थ्यांसाठी वेगळी इंटर्नशिप असावी का?

धागाकर्ता

अमेरिकेच्या लोकसंख्येत हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश भाषिक देशांत मूळ असलेल्या, लोकांचा वाटा साधारण पाचवा हिस्सा असला, तरी केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत तो त्याच्या जवळजवळ निम्माच आहे. ही तफावत नवी नाही. ती कमी व्हावी म्हणून तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी 2000 साली स्वतंत्र आदेश काढला होता. सरकारी नोकरीची वाट अनेकदा वॉशिंग्टनमधल्या एका उन्हाळ्याच्या इंटर्नशिपमधून जाते, आणि तिथे पोचायचे तर आधी विमानाचे तिकीट, घरभाडे आणि कोणाची तरी ओळख लागते. काँग्रेशनल हिस्पॅनिक कॉकस इन्स्टिट्यूट ही 1978 पासूनची संस्था संसदेत काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना प्रवासखर्च, निवास आणि विद्यावेतन देते. हिस्पॅनिक विद्यार्थी मोठ्या संख्येने असलेल्या महाविद्यालयांची संघटना 1992 पासून सरकारी खात्यांत आणि कंपन्यांत सवेतन इंटर्नशिप मिळवून देत आली आहे. अशा वाटा टिकाव्यात असे माझे ठाम मत आहे. आपल्याला काय वाटते?

पहिला प्रतिसाद

मी असहमत आहे. सार्वजनिक पैशातून मिळणारी संधी वंशावर ठरू नये. स्मिथसोनियन या सरकारी संग्रहालय-संस्थेच्या लॅटिनो (लॅटिन अमेरिकी मुळाच्या लोकांच्या) संग्रहालयाच्या इंटर्नशिपवर फेब्रुवारी 2024 मध्ये वंशाधारित प्राधान्याचे विरोधक एडवर्ड ब्लम यांच्या संस्थेने दावा लावला, तेव्हा संग्रहालयाने पुढच्याच महिन्यात समझोता करून ही इंटर्नशिप सर्व वंशांच्या विद्यार्थ्यांना सारखीच खुली असल्याचे स्पष्ट केले. मायामीतल्या सधन क्यूबन वकिलाच्या मुलाला जे मिळावे, ते वेस्ट व्हर्जिनियातल्या खाणकामगाराच्या मुलीला का मिळू नये? गरज पाहायची असेल, तर कुटुंबाचे उत्पन्न पाहा.

धागाकर्ता

खाणकामगाराच्या मुलीचा आपला मुद्दा मला मनापासून मान्य आहे, आणि तिच्यासाठीही घरभाडे मिळालेच पाहिजे. मात्र संधी आहे हे कळणे आणि ती परवडणे या दोन वेगळ्या अडचणी आहेत. उत्पन्नाची अट दुसरीवर उपाय करते, पहिलीवर नाही. मी टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत शिकवतो. माझ्या वर्गातल्या एका हुशार मुलीने सरकारी खात्याकडून आलेले इंटर्नशिपचे पत्र दोन आठवडे घरी दाखवले नव्हते, कारण तीन महिने बिनपगारी राहायचे असेल असे तिने गृहीत धरले होते; पगार आणि निवास मिळतो हे तिला आमच्या महाविद्यालयातल्या समन्वयकांनी सांगितले. व्हाइट हाऊसनेही आपल्या इंटर्नना पगार देणे 2022 च्या शरद ऋतूत सुरू केले, यावरून बिनपगारी कामाची सवय किती खोल रुजली होती हे दिसते.

दुसरा प्रतिसाद

कंपन्यांचा विचार इथे थोडा वेगळा आहे. स्पॅनिश बोलणारा ग्राहक समजून घेणारी माणसे बँकांना आणि विमा कंपन्यांना हवीच असतात, म्हणून त्या अशा कार्यक्रमांना पैसे देतात. परंतु न्यायालयीन दाव्याची भीती वाढताच त्यांचा हात आखडतो. मॅकडोनाल्ड्सच्या हिस्पॅनिक विद्यार्थ्यांसाठीच्या शिष्यवृत्तीवर 2025 च्या जानेवारीत दावा आला आणि कंपनीने ती सर्वांसाठी खुली केली. कंपन्यांच्या उदारतेवर सरकारी धोरणाचा भार टाकू नये, एवढेच म्हणतो.

पहिला प्रतिसाद

त्या मुलीची गोष्ट खरी असली, तरी तिला मदत झाली ती समन्वयकांमुळे, तिच्या आडनावामुळे नव्हे. मग असे समन्वयक प्रत्येक लहान महाविद्यालयाला द्या, खाणपट्ट्यातल्यालाही.

धागाकर्ता

समन्वयकांबाबत आपण म्हणता ते मला पटते. पण त्यांचा पगार कुठून येतो तेही पाहू. ज्या महाविद्यालयांत किमान 25 टक्के विद्यार्थी हिस्पॅनिक आहेत, त्यांना केंद्राचे खास अनुदान मिळत असे, आणि अशा महाविद्यालयांत शिकणाऱ्या इतर सर्व विद्यार्थ्यांनाही त्याचा लाभ होई. या व्याख्येवरच 2025 साली टेनेसी राज्याने दावा लावला आणि केंद्र सरकारने तिचा बचाव करायचे नाकारले. तेव्हा ही जुनी सोय आधी मोडू नये. खाणपट्ट्यातल्या महाविद्यालयासाठी तिच्या शेजारी आणखी एक उभी करावी, आणि त्या मागणीवर मी आपल्याबरोबर सही करीन.