कार्तिक-मार्गशीर्षात मुलांना काय दाखवाल? (सातारा-सांगलीकरांसाठी अनुभव धागा)

कासची फुलं ऑक्टोबरात आटोपली की 'आता काय बघायचं?' असं होतं. पण गवत वाळायला लागल्यावरच मुलांच्या नजरेच्या उंचीवरच्या बारीकसारीक गोष्टी उघड्या पडतात. तुमच्या भागात काय सापडतं आणि कसं दाखवायचं, बारकाव्यांसकट लिहा.

सातारा, यवतेश्वर घाटाजवळून
कुसळी गवतापासून सुरुवात करा. डोंगरउतारावर त्याची काळपट कुसळं एकमेकांत पीळ घालून बसलेली असतात. पक्कं वाळलेलं एक कुसळ सुटं करा. बियाकडचं अणकुचीदार टोक चिकटपट्टीने पुठ्ठ्यावर बसवा, शेपूट मोकळं ठेवा. पीळ असलेल्या भागावर पाण्याचा एकच थेंब सोडा. पीळ उलगडत जातो आणि वाकडं शेपूट गोल फिरू लागतं. उन्हात सुकलं की उलट फिरतं. बी मातीत शिरतं ते याच फिरण्याने. हिरवट कुसळ फिरत नाही आणि शेपटावर चिकटपट्टी आली तरी अडतं.
मोजे आणि लोकरीचे कपडे नकोत, गुळगुळीत कापडाची विजार बरी. कुसळ कापडात घुसलंच तर मागे ओढू नका. टोकावरचे राठ केस मागे वळलेले असतात, म्हणून घुसलंय त्याच दिशेने पलीकडून काढायचं.

वाई
देवळाच्या ओवरीत, पाऊस न लागणाऱ्या भुसभुशीत मातीत नरसाळ्याच्या आकाराचे छोटे खड्डे दिसतील. तळाशी मुंग्या पकडणारी अळी दडलेली असते. काडीने उकरलं तर ती सापडत नाही. चमचा तळाच्या खालून एकदम घाला आणि माती पांढऱ्या ताटलीत पसरा. अळी मेल्याचं सोंग घेते, जरा थांबलात की मागे मागे सरकायला लागते. बघून झालं की त्याच मातीत सोडा.

सांगली, हरिपूर रस्ता
दवाची जाळी बघायची तर उन्हं अंगावर यायच्या आत. सूर्याकडे तोंड करून उकिडवं बसा, जाळ्याच्या पाठीमागून उजेड आला तरच थेंब चमकतात. फोटोत जाळं सोडून मागचं गवतच स्पष्ट येतं, त्यासाठी जाळ्यामागे वीतभर अंतरावर काळं कापड धरा.
उसाच्या बांधाला मात्र पहाटे मुलांना नेऊ नका. कराड-शिराळा पट्ट्यात उसात बिबट्या असतो.

मिरज
दंडोबाच्या वाटेला गुंजेच्या शेंगा उकललेल्या दिसल्या तर आधी धोका सांगा: लाल-काळं बी चावलं तर विषारी. त्यामुळे तोंडात वस्तू घालणाऱ्या वयाच्या मुलांना ते हातातही देऊ नये. मोठ्या मुलांना जुनं वजन सांगा, 8 गुंजांचा मासा आणि 12 माशांचा तोळा. रुईच्या बोंडातला कापूस उडवायचा तर बोंड आपणहून उकललेलं हवं. हिरवं मोडलं की चीक निघतो, तो डोळ्यात जाता कामा नये.

खटाव तालुका
सुगरणीचं घरटं खाली पडलेलं असेल तेवढंच उचला. झाडावरची रिकामी दिसली तरी मुनिया त्यात शिरतात. पडलेलं घरटं आडवं कापून आत बोट फिरवायला सांगा, भिंतीला चिखलाचे वाळलेले गोळे लागतील. लांब नळी नसलेलं, खालून उघडं घरटं म्हणजे मादीने नापसंत केलेलं, नराने अर्ध्यावर सोडलेलं. बाभळीखाली जाड तळाची चप्पल हवी आणि विहिरीच्या काठावर मुलाचा हात धरूनच थांबायचं.