रानमुगात बँड आला नाही, तर शून्य धरायचं का?

कुर्ल्याची_वनस्पतीवाली: नमस्कार मंडळी. एमएस्सीचा प्रकल्प रानमुगावर चाललाय. पानं कर्जत-कसारा भागातली, एसएसआर प्रायमर (डीएनएतल्या पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या अक्षरांच्या जागा पकडणारे तुकडे) मात्र शेतातल्या मुगाचे. काही प्रायमरना जेलवर मुगात झकास बँड (डीएनएच्या तुकड्याचा पट्टा) येतो आणि रानमुगाच्या लेनमध्ये, म्हणजे रकान्यात, शुकशुकाट. सर म्हणतात, "शून्य लिही, पुढे चल." शिवाय जे चालले त्यांत रानमुगात विविधता मुगापेक्षा कमी दिसतेय. हे उलटं नाही का?

चेंबूरचा_काका: अगं, शून्य लिहू नकोस! प्रायमर चिकटतो त्या जागी रानमुगात डीएनएचं एखाददुसरं अक्षर बदललेलं असलं की पीसीआर (तुकड्याच्या प्रती काढणं) उठत नाही, पण तुकडा असतो जागेवरच. याला नल अ‍ॅलील म्हणतात. तू शून्य भरलंस की एकमेकांशी काही नातं नसलेली दोन झाडं निव्वळ बँड नाही म्हणून सॉफ्टवेअर शेजारी बसवणार. त्याच डीएनएवर दुसरा प्रायमर चालतोय ना, ते बघ. चालत असेल तर प्रायमर चिकटायचं तापमान, म्हणजे अ‍ॅनीलिंग ५५ अंशांवरून ५० पर्यंत उतरव. तरी नाही आला तर ती जागा कोरी सोड.

विविधतेचं म्हणशील तर मार्कर (प्रायमरने पकडायच्या डीएनएवरच्या खुणा) निवडतानाच मुगाच्या वाणांत फरक दाखवणारे ठेवतात आणि बाकीचे टाकून देतात. मग मूगच रंगीबेरंगी दिसणार! अझुकी (मुगाच्या नात्यातलं लाल कडधान्य) आणि चवळीचे प्रायमर मिसळून बघ, ते मुगात बघून निवडलेले नसतात.

डोंबिवली_फास्ट: काकांना अनुमोदन. आणि सारख्या लांबीचा बँड म्हणजे सारखाच तुकडा असं नाही, दोन-चार सिक्वेन्स करून, म्हणजे अक्षरं वाचून, घे. पानं सिलिकात (ओलावा शोषणाऱ्या खड्यांत) ठेवली होतीस ना? पावसाळ्यात इथे डबा जरा उघडा राहिला की निळे खडे गुलाबी. मुळात तो रानमूगच आहे ना? रानउडीद असला तर सगळंच मुसळ केरात. शेंगेवर लांब केस दिसले तर सावध हो. झेवियर्सच्या ब्लॅटर हर्बेरियममधल्या (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या) नमुन्यांशी ताडून बघ.

गिरगावकर: मी हिशेबनीस माणूस, पण विचारतोच. रानातल्या मुगाचं एवढं काय?

कुर्ल्याची_वनस्पतीवाली: गिरगावकर काका, डब्यातल्या मुगाला भोकं पाडतो ना, तो भुंगेरा! मादागास्करच्या टीसी १९६६ नावाच्या रानमुगाला तो लागत नाही. त्या गुणाचं जनुक १९९२ मध्ये आरएफएलपी (डीएनए कापून तुकड्यांची लांबी ताडणाऱ्या) मार्करनी नकाशावर आलं. मार्कर हाताशी असला की संकरातली रोपं कोवळ्या पानावरूनच निवडता येतात, दाणे भरून भुंगेरे सोडायची वाट बघावी लागत नाही.

चेंबूरचे काका, ५० अंशांवर नको असलेले बँडही उठले तर?

चेंबूरचा_काका: उठतील. टचडाउन लाव, म्हणजे ६० पासून हळूहळू खाली ये.